तळ स्थिर धरला आहे

टिमारूच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर
माझ्याकडे एक नदी आहे. ओली नाही.
चौदा हजार त्रिकोणांची,
पुलापाशी बारीक विणलेली, कुरणांकडे सैल होत गेलेली,
घाईत संपवलेल्या स्वेटरसारखी.
प्रत्येक त्रिकोणाला मी एक अंक देते, खडबडीतपणाचा.
गोट्यांना शून्य पूर्णांक शून्य तीन पाच.
वाळुंजाची झाडी असेल तर दुप्पट.
ल्युपिनला किती द्यावा, यावर मागच्या वर्षी
दोन बैठका झाल्या.
जांभळा, गुलाबी, पर्यटक त्यात उभे राहून फोटो काढतात;
तो नदीची वेणी मोडून
तिला एकाच पेडात आवळत आणतो,
हे फोटोत येत नाही.

त्याच गोट्यांत अंडी घालतो एक राखाडी पक्षी,
चोच उजवीकडे वाकलेली,
दगडाखालचं काढून खायला.
त्याच्यासाठी रकाना नाही.

नोव्हेंबरात डोंगरापलीकडून गरम वारा सुटला.
बर्फ आणि पाऊस एकदमच खाली आले.
रात्री अकराला मी आकडा घातला, सेकंदाला सतराशे घनमीटर.
नदी निळी झाली, हिरवी झाली, पुलाशी लाल,
आणि तुळईखाली नव्वद सेंटिमीटर हवा सोडून
शहाण्यासारखी निघून गेली.

फोन हेनारेचा. पुलावरून.
‘पाणी किती?’
‘तू म्हणतेस तेवढंच. बोटभर इकडेतिकडे.’
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
‘मग?’
‘कठड्याला कान लावलाय,’ म्हणाला.
‘खाली कोणीतरी कपाटं सरकवतंय.’

माझा अहवाल, पान नऊ, तळटीप:
तळ स्थिर धरला आहे.
धरला आहे. कोणी?
मीच. सतराशे घनमीटरला मीच सांगितलं होतं,
वरून जा, खालचं काही हलवू नकोस.

बारा वाजून दहा मिनिटांनी पूल बंद केला.

सकाळी पूल होता तिथेच होता.
सरळ, ओलसर, जरा अपमान झाल्यासारखा.
टँकर वळसा घालून पोचेना, म्हणून
मॅकिलरॉय बाईंनी चार हजार लिटर दूध कुरणात सोडलं
आणि मला फोन करून आकडा दोनदा सांगितला.
पाणी उतरलं. खांबाशी गोटे जसेच्या तसे,
धुऊन मांडून ठेवलेले.
साहेब म्हणाले, सावधपणा चांगलाच, पण.
वाक्य तिथेच संपलं.

गुरुवारी हेनारेने सळई आणली.
तीन नंबरच्या खांबापाशी उभी धरली,
हातोडी नुसती टेकवली
तरी जात राहिली. एक मीटर. दोन.
साडेतीनला टणक लागलं.
पाया संपतो चारला.

पायाखालची वाळू सरकली होती.
हे मी शब्दशः सांगते आहे.
रात्री नदीने तिथे खड्डा खणला
आणि उतरता उतरता बुजवून टाकला, गाळाने, बारीक रेतीने,
उसनं नेलेलं भांडं कोणी
उजाडायच्या आत, न बोलता, परत ठेवावं तसा.
फक्त भांडं तेच नव्हतं.

हेनारे काही बोलला नाही. त्याने सळई पुसली.
पलीकडच्या बेटावर तो वाकड्या चोचीचा
(घरटं गेलं असणार, सगळ्यांचीच गेली)
मान कलती करून
एका दगडाच्या कडेने आत बघत होता.

आता मॉडेलमध्ये तळ हलतो.
एका रात्रीच्या पुराला मशीन एकोणीस तास घेतं;
पूर तोवर उतरलेला असेल.
म्हणून पान नऊवर, तळटिपेच्या जागी,
मी हेनारेचा नंबर घातला आहे.
ल्युपिनचा अंक अजून पेन्सिलीने.